एकाच बाजूचं जहाज

३ फेब्रुवारी

गाठ्या,

पत्रास कारण काय, हे सांगायला बसले तर एक्केचाळीस वर्षं का लिहिलं नाही याची कारणं आधी द्यावी लागतील, म्हणून ते राहू दे. मी ताई. अक्षरावरून ओळखलं असशीलच. 'र'ची शेपटी अजून तशीच लांब जाते. तू तिला माकडाची शेपटी म्हणायचास.

तुझा पत्ता रंगवाल्या काकांनी दिला. आठवतात ना? आपल्या सिनेमात बाराच्या बारा चाच्यांना एकाच डबीतलं काजळ फासणारे. आता पंच्याऐंशीचे आहेत. मागच्या महिन्यात मुलीकडे जाताना बोटीतून तुझ्या धक्क्यावर उतरले. उतरताना एका माणसानं हात दिला. काका मला म्हणाले, "चेहरा नाही गं ओळखला, पण तळवा हातात आला आणि ओळख पटली. असा गुळगुळीत तळवा जगात एकाचाच." मग हाक का नाही मारली, तर म्हणे मागे रांग होती. म्हातारा अजून शिस्तीचा आहे. धक्क्याचं नाव मात्र बरोबर टिपून आणलं.

तू समुद्रावर आहेस आणि बोटींचे दोर झेलतोस, हे ऐकून मला आधी हसूच आलं. जहाजाचा सिनेमा केला तेव्हा त्या अख्ख्या कंपनीत समुद्र पाहिलेला माणूस औषधालाही नव्हता. दिग्दर्शकानं पाहिला होता तोही कॅलेंडरवर. दगडखाणीत साचलेलं पाणी, त्यात रिकामी पिंपं वर-खाली दाबून काढलेल्या लाटा, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून 'हा सागर माझा गुलाम आहे' म्हणणारा नायक. त्याचे पाय तू पाण्याखालून धरून बसायचास, कारण पाण्याला तो मांजरापेक्षा जास्त भ्यायचा. श्वास संपला की तू वर यायचास आणि उड्या शिकवणारे मास्तर ओरडायचे, "अरे, गुलाम बाहेर आला!"

आता बातमी. तो सिनेमा सापडला. पोस्टरवर नाव काहीही भारदस्त असो, आपल्या घरात तो जहाजाचा सिनेमाच. एका बंद पडलेल्या थिएटरच्या जिन्याखाली नऊ डबे मिळाले. जुनी रिळं दुरुस्त करणारी एक बाई आहे, तिनं ती साफ केली. २७ मार्चला, शनिवारी दुपारी तीन वाजता, मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. कंपनीतले जे हयात आहेत त्यांना बोलावलंय. मी, काका, वादळाचा पंखा चालवणारा, आणि तू. झाली यादी.

जहाज आठवतंय ना? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पडद्यावर तीन शिडांचं, प्रत्यक्षात डावी बाजू तेवढी बांधलेली. उजव्या बाजूला नुसते टेकू दिलेले वासे आणि त्यांच्या सावलीत झोपलेला सुतार. जहाज मोहिमेवर निघालं की डावी बाजू दिसायची. परत यायचं असलं की फिल्म उलटी करून छापायचे, मग सगळे चाचे डावखुरे व्हायचे आणि नायिकेचा तीळ या गालावरून त्या गालावर जायचा. शत्रूचं जहाजही तेच, झेंडा बदललेला. चाचेही तेच. मिशी लावून एकदा मरायचे, मिशी काढून पुन्हा मरायचे.

मी बरी आहे. कपडेपटातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली. डावा पाय थंडीत कुरकुरतो, बाकी ठणठणीत. दोन खुर्च्या राखून ठेवायला सांगितल्यात, मागच्या रांगेत. मान वर करून बघायला तुला आवडत नाही.

एक स्पष्ट लिहून टाकते, म्हणजे तुला यायला संकोच नको. त्या दिवशी जे झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही. मी तुला केव्हाच माफ करून टाकलंय.

ये हं.

ताई


१९ फेब्रुवारी

गाठ्या,

उत्तर नाही. पोस्टमनला मी रोज दारात दिसते, आता तो लांबूनच मान हलवतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं बाबा कुणाबद्दलही म्हणायचे. दोर वळणाऱ्याचीच पोरं आपण, पीळ असायचाच. माझ्यात तर तुझ्यापेक्षा दोन वेढे जास्त.

काल मी रीळबाईंकडे गेले होते. मी त्यांना रीळबाईच म्हणते. पन्नाशीच्या, हातात पांढरे मोजे, गळ्यात दोन चष्मे. त्यांच्या खोलीत खिडकी नाही. एक लांब टेबल आहे, त्याची काच खालून उजळलेली, आणि सगळीकडे आंबूस वास. जुनी फिल्म कुजायला लागली की असा वास येतो म्हणे. मी म्हटलं, जुनी माणसं तरी काय वेगळी. त्या हसल्या नाहीत. कामात फार बुडालेली बाई आहे.

अडचण अशी झालीय की डब्यांत ओल शिरून आवाजाची पट्टी पार गेली. चित्र आहे, आवाज नाही. म्हणून रीळबाई पडद्याखाली ओळी लिहून देणार आहेत, आणि आम्हा उरलेल्यांना बसवून विचारतायत, इथे कोण काय म्हणतंय. ओठ बघून निम्मं त्या स्वतःच ओळखतात. तीस वर्षं हेच केलंय. मी त्यांना नायकाची भाषणं धडाधड म्हणून दाखवली. सगळी पाठ आहेत रे अजून. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण सागर माझा गुलाम आहे.

मग त्यांनी आपल्या कामाबद्दल विचारलं, मी नायिकेच्या जागी उड्या घ्यायचे आणि तू खाली दोर धरायचास त्याबद्दल. मी मास्तरांचा नियम सांगितला. उडी घेणाऱ्यानं वरून दोनच शब्द बोलायचे. 'धर' म्हणजे दोर घट्ट धर. 'सोड' म्हणजे ढील दे, मी उडी घेतेय. तिसरा शब्द नाही. आणि 'नको' हा शब्द तर दोरावर बंदच. मास्तरांचं ते भाषण तुला आठवत असेल. पहिल्या दिवशी आपल्या दोघांना पिंपावर बसवून दिलं होतं. "आपल्या भाषेत नकार मागून येतो. आधी काम सांगायचं आणि मग नको म्हणायचं. पंख्याच्या वाऱ्यात मागचं उडून जातं आणि नुसतं काम उरतं. लटकलेल्या माणसानं 'नको' म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याला मी पुन्हा दोर लावणार नाही. माझी आई असली तरी नाही."

रीळबाईंना हे फार आवडलं. वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी चौथं रीळ लावलं. शिडाच्या खांबावरची उडी.

ती त्यांनी ठेवलीय रे सिनेमात. मला वाटलं होतं कापली असेल. दुसऱ्या मुलीकडून करून घेतली असेल. तीच आहे. मी खरीच पडले, म्हणून छान पडले. अख्ख्या सिनेमात माझी पाठच पाठ आहे. नायिकेच्या कपड्यांत पळणारी, लोंबकळणारी, पाण्यात पडणारी पाठ. त्या एका ठिकाणी केसांचा टोप सरकतो आणि माझं तोंड दिसतं. सव्वीस वर्षांची मी. खाली तुझ्याकडे बघतेय.

रीळबाईंनी चित्र तिथेच थांबवलं. म्हणाल्या, "इथे तुम्ही काय म्हणताय?"

मी म्हटलं, "किंचाळतेय. पडताना माणूस काय म्हणणार?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही अजून पडला नाही आहात. आणि किंचाळताना ओठांचा असा चंबू होत नाही. बघा, तीनदा झालाय."

मी म्हटलं, माझा चष्मा बदलायला झालाय. आणि घरी आले.

तुझे हात आता दुखतात का? थंडीत? तेव्हा विचारायचं राहून गेलं.

ताई


२ मार्च

गाठ्या,

मी विचार केला, तू येऊ नकोस.

प्रवास लांबचा. आधी बोट, मग गाडी. तुझंही त्रेसष्ट झालं, म्हणजे काही कोवळा राहिला नाहीस. सिनेमाही काही धड नाही, तोफेचा गोळा कागदाच्या लगद्याचा आहे हे आता लांबूनही कळतं, एक तर पाण्यावर तरंगतो. हॉलमध्ये गारवा फार असतो आणि तुला लगेच सर्दी होते. शिवाय सगळे भेटले की जुन्या गोष्टी निघणार, कुणी काहीतरी बोलणार. कशाला?

तुझ्या खुर्चीवर काका पाय ठेवतील. त्यांना सूज असते.

ताई

ता. क. आलासच, तर चौथ्या रिळाच्या वेळी आपण बाहेर चहा प्यायला जाऊ. तेवढं लक्षात ठेव.


९ मार्च

गाठ्या,

मागचं पत्र फाडून टाक. त्याच्या आधीचीही फाड. 'माफ केलंय' म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा! ते वाक्य मी लिहिलं आणि सरळ पाकीट चिकटवून टाकलं. सवय किती झाली असेल बघ.

त्या दिवशीचं सांगते. तुला माहीत आहे तेही सांगते, कारण मी ते कुणालाच कधी सरळ सांगितलेलं नाही.

वादळाचा प्रसंग. मी खांबाच्या टोकावर, नायिकेच्या झग्यात. आत कातडी पट्टा, पट्ट्याला दोर, दोर कप्पीवरून खाली तुझ्याकडे. खुंटाला दोन वेढे देऊन तू उभा. पंखा सुरू झाला. विमानाचा जुना पंखा तो, सुरू झाला की समोरच्याची जांभईसुद्धा उडवून न्यायचा. मी 'सोड' म्हणणार, एवढ्यात झग्याची किनार एका खिळ्यात अडकली. सुतारानं झोपेच्या नादात अर्धवट ठोकलेला तो खिळा. आता ढील मिळाली तर मी सरळ जाणार नाही, गरगर फिरून जहाजाच्या अंगावर आपटणार, हे मला लख्ख दिसत होतं. म्हणायचं होतं 'धर'. दोन अक्षरं. रोज पन्नास वेळा म्हणायचे.

तोंडातून निघालं, "सोडू नको."

सो, डू, को. तीनदा चंबू. रीळबाई बरोबर आहेत. 'धर' म्हणताना ओठ हलतसुद्धा नाहीत, मी आरशासमोर करून पाहिलं.

असं का झालं, याचं उत्तर शोधायला मला काही लांब जावं लागलं नाही. बाबांच्या कारखान्यामागचं झाड आठवतं? तू आठ वर्षांचा, मी बारा. वळून झालेल्या दोराची परीक्षा घ्यायची म्हणून आपण तो फांदीवर टाकायचो. एका टोकाला मी, दुसरं टोक पोटाला बांधून तू जमिनीत पाय रोवून. मी वरून कोकलायचे, सोडू नको, सोडू नको, आणि तू हसून हसून लाल व्हायचास पण सोडायचा नाहीस. कधी म्हणजे कधी सोडला नाहीस. तेव्हापासून मला भीती वाटली की तोंडात तेच येतं. दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा आलंय. त्या दिवशी खांबावर मी कामाची भाषा विसरले आणि घरची बोलले. मी भावाला हाक मारली, आणि तू दोरवाला म्हणून ऐकलीस, कारण तू तुझं काम करत होतास. तुला पंख्यातून 'सोड' एवढंच पोचलं. तू सोडलंस. तुझं काही म्हणजे काही चुकलं नाही. लोक 'ध'चा 'मा' करतात, मी 'ध'चा 'सो' केला.

मी आपटले, मांडीचं हाड मोडलं. पण खालच्या खडकावर पडले नाही. वीतभर अंतर राहिलं असताना दोर ताठ झाला आणि मी लोंबकळत राहिले. तो दोर परत कुणी धरला? पळता दोर मुठीत आवळला की तळव्याचं कातडं सोलून निघतं, हे दोर वळणाऱ्याच्या पोरीला कुणी शिकवायला नको. आई पाच दिवस तुला भरवत होती, चमचासुद्धा धरता येत नव्हता. ज्यानं हलगर्जीपणानं दोर सोडला त्याचे हात कसे भाजले, हा साधा प्रश्न त्या शहाण्यांच्या कंपनीत एकालाही पडला नाही. मला पडला होता. मी मूठ झाकून ठेवली.

सहाव्या दिवशी मास्तर इस्पितळात आले. खाटेशी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "वरून काय ओरडलीस?" एवढंच. मी तेव्हा सहा महिन्यांत पुन्हा खांबावर चढायची गणितं करत पडले होते. खरं सांगितलं असतं तर मास्तरांनी शब्द पाळला असता, मला पुन्हा दोर लावला नसता. मी म्हटलं, "धर म्हणाले."

ते म्हणाले, "नक्की?"

मी म्हटलं, "दोनदा म्हणाले."

ते 'दोनदा' मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

मनाला समजावलं, पुरुषमाणूस आहे, त्याला कुठेही काम मिळेल, मला उडीशिवाय काय येतं? त्याच संध्याकाळी तू घर सोडून गेलास. मला वाटलं शरमेनं गेलास. खरं म्हणजे तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं. आणि पुढची मजा बघ. पाय दोन बोटं आखूडच राहिला, मी पुन्हा कधी साध्या शिडीवरही चढले नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. मग कपडेपटात तेहेतीस वर्षं झग्यांच्या किनारी दुमडल्या. कुठे अडकणार नाहीत अशा, बोटभर आखूड. मुली कुरकुर करायच्या.

अजून एक आहे. लिहू की नको, असं चाललंय मघापासून. आमच्या त्या जगात तुझ्या नावाची म्हण झाली. कुणाच्या हातून कात्री पडली, दिवा पडला, की म्हणायचे, "झाला याचा गाठ्या." तू कोण, कुठला, काही माहीत नसलेली माणसं म्हणायची. तेहेतीस वर्षं मी ते ऐकलं आणि सुईत दोरा ओवत राहिले.

आणि आई. तू गेल्यावर अकरा वर्षं जगली. शेवटपर्यंत म्हणायची, "माझा गाठ्या सोडणार नाही. काहीतरी झालं असणार." तिची वेणी घालताना मी मुद्दाम मागे बसायचे, म्हणजे तिला माझं तोंड दिसायचं नाही. गेली त्या दिवशी सकाळीसुद्धा म्हणाली. मी म्हटलं, आई, हलू नको, गुंता होतो.

काल मी रीळबाईंकडे जाऊन सांगितलं, तिथे 'सोडू नको' असं लिहा. त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, पण तुम्ही म्हणाल तेव्हाच लिहायचं ठरवलं होतं." सत्तावीस तारखेला पडद्याखाली ते हॉलभर लोक वाचतील. मास्तर राहिले नाहीत, पण त्यांचा मुलगा येणार आहे, त्यांचीच शाळा चालवतो. मी उभी राहून त्याला आणि सगळ्यांना सांगणार आहे की दोर सोडणारी मी, धरणारा तू.

तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. आलास तर मी काय तोंडानं तुझ्याकडे बघेन मला माहीत नाही. पण मला तू हवा आहेस रे. एक्केचाळीस वर्षं कुठलीही उंच जागा दिसली की मी आधी खाली बघते, तू खुंटापाशी उभा आहेस का. बँकेच्या जिन्यावरूनसुद्धा बघते. तू नसतोस, मग मी कठडा धरून उतरते. एवढंच माझं आयुष्य झालं. दुसऱ्या कुणाच्या हातात दोर द्यावा असं कधी वाटलं नाही. लग्नाचं दोघांनी विचारलं होतं, चांगले होते, पण गाठ मारायला बसले की दोघेही सुरगाठ मारायचे. तुझ्यासारखी निरगाठ कुणालाच येत नव्हती.

उत्तर दिलं नाहीस तरी मला कळेल.

ताई


२३ मार्च

गाठ्या,

तुझं पोस्टकार्ड काल आलं. पोस्टमन या वेळी लांबून मान न हलवता धावत आला, मलाच त्याला पाणी द्यावं लागलं. मी ते इतक्या वेळा वाचलंय की आता पाठ झालंय, सागरवाल्या भाषणासारखं. तरी इथे उतरवून काढते. तू खरंच असं लिहिलंस याची मला खात्री करून घ्यायचीय.

"ताई, पत्रं पोचली, चारही. फाडली नाहीत. 'सोडू' कानावर आलं आणि हात चालला. 'नको' ऐकू आलं नाही, तुझ्या तोंडावर दिसलं. तोवर दोर पळाला होता, म्हणून परत धरला. तेव्हा तू काय म्हणालीस ते मला पहिल्यापासून माहीत आहे. सहाव्या दिवशी मी मास्तरांच्या मागोमाग आलो होतो, दाराबाहेर उभा होतो. म्हटलं, ताई सांगेल, मग आत जाऊ. तिथे पंखा नव्हता. सगळं नीट ऐकू आलं. सिनेमाला येत नाही. तुला पडताना एकदा पाहिलंय, तेवढं पुरे. हात दुखत नाहीत. बोट दर दोन तासांनी असते. बोट आणि धक्का यांच्यात अंतर असतं, उतरायला हात द्यावा लागतो. मी सगळ्यांनाच देतो. गाठ्या."

तिथे पंखा नव्हता.

या तीन शब्दांवर मी काल दिवसभर बसून होते. म्हणजे तू दाराबाहेर होतास. हातांना पट्ट्या बांधून, मी खरं बोलण्याची वाट बघत. भिंतीच्या पलीकडे, दहा पावलांवर. मी नुसतं एकदा खरं बोलले असते तर तू आत आला असतास, आणि आपण दोघं कुठल्यातरी तिसऱ्याच कामाला लागलो असतो, भांडत बसलो असतो, आई तुझ्या हातून पाणी पिऊन गेली असती. आणि तू मास्तरांना काही बोलला नाहीस. नंतरही कुणाला नाही. मला खांबावर परत चढता यावं म्हणून, होय ना? ते मला सरळ लिहिलं नाहीस, पण दोर धरणाऱ्याचं मन मी ओळखते. आणि मी चढलेच नाही. तुझं ते गप्प राहणंही मी फुकट घालवलं.

रडले. मग उठून भांडी घासली. मग परत रडले.

शनिवारी मी हॉलमध्ये जाणार आहे. ते चुकवणार नाही. काय बोलायचं ते कागदावर लिहिलंय, साडेतीन ओळी झाल्यात. काकांनी तुझी खुर्ची पाय ठेवायला मागितली, मी नाही म्हटलं. ती रिकामी राहील. मास्तरांच्या मुलाला मी कालच फोन केला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा शेवटी शेवटी म्हणायचे, गाठ्यासारखा हात पुन्हा मिळाला नाही. सोडला तरी धरला कसा, हे त्यांना कधी कळलं नाही." मी म्हटलं, आता कळलं असेल.

रविवारी दुपारी तीनच्या बोटीनं मी तुझ्याकडे येते.

समुद्र मी अजून पाहिलेला नाही, हे तुला ठाऊकच आहे. बोटीतही कधी बसले नाही, त्या एका बाजूच्या जहाजाला बोट म्हणत नसतील तर. बोट आणि धक्का यांच्यात अंतर असतं असं तू लिहिलंस. किती असतं? माझा डावा पाय आखूड, त्यात सदुसष्ट वर्षं. भीती वाटणार, आणि भीती वाटली की माझ्या तोंडात काय येतं ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. म्हणून कालपासून मी 'धर' म्हणायचा सराव करत होते, जिना उतरताना, दाराला कडी घालताना. शेजारीण विचारून गेली, कुणाला म्हणताय?

आज सकाळी सोडून दिला तो सराव. मास्तरांचा नियम पोटापाण्यासाठी ठीक होता. मला तिथे कामाला यायचं नाही, घरी यायचंय. उतरताना मी घरचंच ओरडणार. धक्क्यावर वारा किती असतो मला माहीत नाही, म्हणून ते आत्ताच इथे लिहून ठेवते. वाऱ्यानं मागचं अर्धं नेलं तरी तुझ्या खिशात ते पूर्ण असेल.

सोडू नको.

ताई